रुमालाखालची बोटं

निकाल लागले की सांगलीतल्या आमच्या धर्मादाय दवाखान्यात माझ्या खोलीपुढच्या बाकावर आया येऊन बसतात. मुलीही येतात, पण बोलतात आयाच. ‘डॉक्टरकी थोडक्यात हुकली. आता हे घ्यावं म्हणतोय,’ असं त्या सांगतात. ‘हे’ म्हणजे माझा पेशा. त्याला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. सरकारी मराठीत व्यवसायोपचार असा शब्द आहे. तो ऐकून कोणालाच काही कळत नाही.

मी सांगते की आजारानं, अपघातानं किंवा जन्मापासूनच ज्याला रोजची कामं जमत नाहीत, त्याला ती जमवून देणं हे माझं काम. फिजिओथेरपिस्ट खांदा हलवायला शिकवतो, मी त्या खांद्यानं सदरा घालायला शिकवते. फिजिओवाल्यांना हे वाक्य आवडत नाही, पण आयांना लगेच कळतं. मग पुढची माहिती. बारावीला विज्ञान आणि जीवशास्त्र हवं, प्रवेश परीक्षा द्यायची, माझ्या वेळी साडेचार वर्षं लागत, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. आता नियम बदलतायत, तेव्हा यंदाचं माहितीपत्रक स्वतः वाचा. कॉलेजं थोडी आहेत, घर सोडावं लागतं. एवढं झालं की आई हमखास विचारते, ‘नावापुढं डॉक्टर लावता येतं का?’

या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. त्याऐवजी त्या मुलीला सांगते, ‘उद्या दिवसभर डाव्या हातानं सगळं कर आणि संध्याकाळी ये.’ बहुतेक जणी येत नाहीत. ज्या येतात त्यांच्या ड्रेसवर आमटी सांडलेली असते आणि डोळ्यांत काहीतरी नवं असतं. त्यांना मी माहितीपत्रक देते.

मी स्वतः यात आले ती वडिलांमुळे. आमचं घर कोरेगावजवळचं, ऊस आणि फौज या दोन पिकांवर चालणारं. वडील फौजेत होते. त्यांच्या पलटणीतल्या एकाची तीन बोटं गेली होती, आणि फौजी इस्पितळात एक बाई त्याला रोज सदऱ्याची बटणं लावायला शिकवत असे. वडील त्याला भेटायला गेले तेव्हा त्यानं काही न बोलता पाचही बटणं काढली आणि परत लावली. ही गोष्ट वडिलांनी घरी इतक्यांदा सांगितली होती की त्यांनी पाहिलेली लढाई मला नीट आठवत नाही, बटणं आठवतात. मी हा अभ्यासक्रम निवडल्यावर चुलते म्हणाले, ‘एवढं शिकून लोकांची बटणं लावणार व्हय?’ वडील म्हणाले, ‘लावणार न्हाई. लावाया शिकवणार. तुला कळायचं न्हाई, तुला अजून बायकू लावून देती.’

कॉलेजात शरीररचना भरपूर होती, पण मला गोडी लागली ती दुसऱ्याच गोष्टीची. कुठलंही काम घेऊन त्याचे तुकडे करायचे: कुठला सांधा, किती जोर, डोळ्यांचं काम किती, लक्ष किती. ‘चहा करणे’ या कामाचे मी चाळीसच्या वर टप्पे लिहिले आणि सुटीत आईला अभिमानानं वाचून दाखवले. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, ‘साखर राहिली.’

तेव्हापासून मी लोकांचे हात बघते. माधवनगरला एक जुनी मागावरची बाई होती. ती बोलता बोलता पदराच्या सुटलेल्या दोऱ्याला गाठ मारायची आणि मारली हे तिला माहीत नसायचं. महाबळेश्वरचा एक टॅक्सीवाला घाटातलं वळण सांगताना रिकाम्या हवेत गिअर बदलायचा. माणसाचं काम त्याच्या हातात राहायला आलेलं असतं. हे मला इतकं चांगलं माहीत होतं की एका माणसाच्या बाबतीत ते विचारायलाच मी विसरले. ती गोष्ट इथे लिहायची आहे.

तो जतच्या पलीकडचा, कर्नाटकच्या हद्दीजवळच्या कोरड्या रानातला. घराणं मेंढपाळांचं. आता थोडी शेतीही होती, पण त्याचं खरं काम शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारात. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उभा राहून सौदा जमवून देणारा हेडी. साठी ओलांडलेली, मिशा मोठ्या, बोलणं तोलून. अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू गेली होती. पाय बराचसा परत आला होता, हात येत होता. मी त्यांना मामा म्हणत असे आणि सोबत येणाऱ्या त्यांच्या बायकोला मामी. मामी उंच, सडसडीत, आणि मामांनी तोलून न बोललेलं सगळं त्या बोलत.

पहिल्याच दिवशी मी नेहमीचा प्रश्न विचारला, ‘मामा, काय करता यायला हवं?’

‘बाजाराला जायाचं.’

‘आणि?’

‘आणि काय न्हाई. बाजाराला जायाचं.’

मामी म्हणाल्या, ‘घरात बसलं तर मला इकायला काढतील, ताई. तेवढं बघा.’

मी लिहून घेतलं: बाजारात जाणे. त्याचे तुकडे केले. एसटीची पायरी, गर्दीत तोल, पिशवी, चहाचा कप, शेळीचा दोर धरणे, दात बघण्यासाठी जबडा उघडणे. शेवटच्या कामासाठी मी एक चिमट्याचं यंत्रही तयार केलं आणि त्याचं मला फार कौतुक होतं. चार महिन्यांत मामा हे सगळं करू लागले. पेल्यानं पाणी प्यायचे, बटणं लावायचे, दोराला गाठ मारायचे. हाताची जाणीव मी दर आठवड्याला तपासत असे. ‘डोळे मिटा मामा,’ म्हणायचं, कापसानं एका बोटाला स्पर्श करायचा, ‘कुठलं?’ विचारायचं. सुरुवातीला चुकायचे. मग चुकायचे बंद झाले. मी फाइलीत समाधानानं खूण केली.

याच सुमारास दवाखान्यात हातांच्या उपचारांचा नवा कक्ष उघडायचा ठरला. म्हणजे माझीच खोली, नवा रंग, आणि परदेशातून आणलेला एक यांत्रिक हातमोजा. तो वर्षातून दहा महिने खोक्यात असतो, कारण त्याला आमची वीज मानवत नाही. उद्घाटनाला पाहुणे बोलावले. विश्वस्तांनी मला सांगितलं, ‘मॅडम, एखादा बरा झालेला पेशंट स्टेजवर पाहिजे. दिसायला बरा बघा.’ मामांच्या मिशा विश्वस्तांना पसंत पडल्या.

कार्यक्रम अशा कार्यक्रमांसारखाच झाला. प्रास्ताविकाचं प्रास्ताविक झालं. दीप वाऱ्यानं तीनदा विझला आणि तीनदा प्रज्वलित झाला, फोटो मात्र पहिल्याच वेळचा निघाला. मग मामांनी पाण्याचा पेला उचलला, टाळ्या. बटण लावलं, टाळ्या. विश्वस्तांनी मामांच्या खांद्यावर शाल घातली. खरं तर ती मला घालायची होती, पण त्या गोंधळात ते बरंच झालं.

प्रमुख पाहुणे गावाकडचे पुढारी, मोठ्या आवाजाचे आणि तसे मनमोकळे. त्यांनी विचारलं, ‘मामा, काम काय करत होता?’

‘हेडी हाय सायेब. शेरडा-मेंढरांचा.’

पाहुण्यांचा चेहरा फुलला. ‘आरं तिच्या! आमचे वडील मला बाजाराला न्यायचे. रुमालाखाली बोटं धरून भाव करायचे. हाय का अजून ते?’

‘हाय की. जुनी माणसं करत्यात.’

‘मग आज होऊन जाऊ द्या,’ म्हणत त्यांनी मामांच्या खांद्यावरची नवी शाल ओढली, दोघांच्या हातांवर टाकली आणि माइककडे तोंड करून म्हणाले, ‘माझा बोकड हाय असं समजा. मी भाव सांगतो. मामा, किती ते तुमी मोठ्यानं बोला.’

ज्यांना हा रिवाज माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जनावरांच्या बाजारात भोवती माणसं उभी असतात आणि भाव त्यांना कळू द्यायचा नसतो. म्हणून दोघं टॉवेलाखाली किंवा रुमालाखाली उजवे हात घेतात. समोरच्याची जितकी बोटं धरली तितका आकडा. हजार की शंभर हे जनावर बघून दोघांनाही कळतं. पटलं तर मान डोलवायची, नाही तर आपला आकडा परत धरायचा. तोंडानं दोघं पावसापाण्याचं बोलत असतात. सौदा खाली चालतो.

शालीखाली हालचाल झाली. सभागृह हसत वाट बघत होतं. मामा पाहुण्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, जरा जास्तच वेळ. मग हात जोडत म्हणाले, ‘सायेब, तुमच्या बोकडाला भाव सांगणारा मी कोण? तुमी म्हणाल तो भाव.’

हशा आणि दिवसातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या. पाहुण्यांनी मामांना मिठी मारली. मी खाली पहिल्या रांगेत होते, शेजारी मामी. मामी टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘ह्यांनी कवा कुणाला म्हणाल तो भाव म्हणलं न्हाई.’

पेढे वाटले जात असताना मामा मागच्या बाकावर शाल मांडीवर घेऊन बसलेले मला दिसले. मी जवळ बसले.

‘काय झालं, मामा?’

‘त्यानं किती धरली ते कळलंच न्हाई.’

‘म्हणजे?’

‘कुणीतरी हात धरलाय एवढं कळलं. दोन का चार, काय पत्ता न्हाई.’

मी म्हणाले, ‘पण माझ्याकडे तर तुम्ही डोळे मिटून सगळी बोटं बरोबर सांगता.’

मामांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मला अजून आठवते. तीत थोडी शरम होती, आणि थोडी माझी कीव. ‘ताई, तुमी आधी अंगठा करता. मग मधलं बोट. मग करंगळी. मग अंगठ्याजवळचं. मग ऱ्हायलेलं. दर टायमाला. तिसऱ्या खेपंला माझ्या ध्यानात आलं.’

कॉलेजात शिकवतात की बोटांना स्पर्श उलटसुलट क्रमानं करावा. मी उलटसुलटच करत होते. दर आठवड्याला तेच उलटसुलट.

‘मग सांगितलं का नाही?’

‘हेड्यानं आपल्याला कळंना हे दावायचं नसतंय,’ मामा म्हणाले. ‘दावलं की संपला.’

मी समोरच्या माणसाचा अंदाज घेण्यात चाळीस वर्षं घातलेल्या माणसाची परीक्षा घेत होते, आणि तो माझा अंदाज घेऊन पास होत होता. बघून केलेली कामं त्यांना जमत होती, कारण हाताला न कळलेलं डोळे भरून काढत होते. पण त्यांचं खरं काम रुमालाखालचं होतं, जिथे डोळे पोचत नाहीत. त्या हाताला बोलता येत होतं, ऐकू येत नव्हतं. आणि मी बाजाराचे इतके तुकडे केले त्यात हा तुकडाच नव्हता. आईची साखर पुन्हा राहिली होती.

‘डाव्या हातानं नाही का चालणार?’ मी विचारलं.

मामी म्हणाल्या, ‘ताई, डाव्या हातानं तुमी देवाचा परसाद घेता का?’

दुसऱ्या आठवड्यापासून आम्ही नव्यानं सुरुवात केली. यांत्रिक हातमोजा खोक्यातच ठेवला. एका परातीत शाळू घेतला, त्यात बिब्बा, किल्ली, लोकरीचा गोळा, खडा असं पुरलं, आणि वर टॉवेल टाकला. मामांनी हात घालून वस्तू ओळखायची. क्रम मी ठरवायचा नाही, चिठ्ठ्या काढायच्या. पहिल्या दिवशी मामांनी लोकरीला खडा म्हटलं. मेंढपाळाच्या घरातल्या माणसानं. त्यांनी ती लोकर डाव्या हातात घेऊन चाचपली.

घरी रोज सराव हवा होता आणि बोटं धरायला कुणीतरी हवं होतं. मी मामींना म्हणाले, ‘तुम्ही धरा.’

मामा ताठ झाले. ‘बायकांस्नी ही बोली दावत न्हाईत.’

‘का?’

‘दावत न्हाईत म्हंजे न्हाईत. माझ्या बानं आयला दावली न्हाई.’

‘मग ऱ्हावा तसंच,’ मामी म्हणाल्या. ‘दारात बसा आन् कोंबड्यांचं भाव करा.’

मामांनी पुढच्या खेपेपर्यंत विचार केला. मग माझ्या खोलीत, दार लावून, पडदा ओढून, लग्नाच्या बायकोला पाच बोटांची बोली शिकवली. मला बाहेर जायला सांगितलं नाही. बहुधा मी त्यांच्या हिशेबी बाई नव्हते, दवाखाना होते. मामींना ती पाच मिनिटांत आली. ‘एवढंच व्हय?’ त्या म्हणाल्या. ‘आन् यापायी चाळीस वर्सं तोंड मिटून बसला व्हता?’ मग टॉवेलाखाली हात तसाच ठेवून म्हणाल्या, ‘माझी चांदी शेळी इकली, तवा किती बोटं धरली व्हती?’

मामा छताकडे बघू लागले.

‘आता गप का? हाताला कळंना, का कानाला?’

त्या महिन्यांत मला कळलं की एखादी जाणीव परत येते ती सरळ येत नाही. आधी अंगठा आला, मग त्याच्या शेजारचं बोट. एक आणि दोन मामा झोपेतही सांगतील असे झाले. पाचही, कारण तेव्हा अख्खा पंजा धरला जातो. तीन आणि चार मात्र वेगळे होईनात. मी वेगवेगळे पोत वापरले, थंड-गरम वापरलं, जोर कमी-जास्त केला. पाच महिने झाले. तीन आणि चार एकमेकांत मिसळूनच राहिले. मी मनातल्या मनात वाक्य जुळवू लागले: मामा, आता बाजारात जायचं ते नुसतं बघायला. हे वाक्य आमच्या पेशात वारंवार म्हणावं लागतं आणि ते कुठल्याच वर्षाच्या अभ्यासक्रमात नाही.

मी ते म्हणायच्या आत मामी म्हणाल्या, ‘ताई, मला एक सांगा. हे इकणाऱ्याकडनं हुबं ऱ्हायले, आन् घेणाऱ्यानं तीन धरली का चार ते कळलं न्हाई. तर यांनी आपली चारच परत धरावी.’

‘म्हणजे?’

‘त्यानं तीन धरली असतील, तर हे वाढवून मागत्यात. चार धरली असतील, तर त्याचाच भाव त्याला परत दिला, म्हंजे यांस्नी पटलं न्हाई. दोन्हीकडनं बराबर.’

‘आणि घेणाऱ्याकडून उभे असतील तर?’

‘तर तीन.’ मामींनी माझ्याकडे बघितलं, मंद मुलाकडे बघावं तसं.

मी मामांकडे बघितलं. ते बायकोकडे बघत होते. चाळीस वर्षांत ही बोली घरात न दाखवण्याचं खरं कारण त्यांना तेव्हा कळलं असावं.

पुढच्या बाजाराला मीही गेले. कारण विचारलं तर मी ‘फॉलो-अप’ म्हटलं असतं, पण खरं म्हणजे मला बघायचं होतं. मैदानभर मेंढरं, लेंड्यांचा वास, शिंगांना लावलेला रंग, आणि मोबाइलवर मोठमोठ्यानं भाव सांगणारी तरुण माणसं. जुनी मंडळी एका लिंबाखाली होती. मामा तिकडे चालत गेले. पाय किंचित ओढत होता. मामी आणि मी चहाच्या गाड्यावर थांबलो.

‘आला का रं गड्या!’ एक पिवळ्या फेट्याचा व्यापारी ओरडला. ‘आमी म्हणलं हात गेला तुझा!’

‘ग्येला व्हता. परत बोलावला.’

तीन शेळ्यांचा सौदा होता. मामा विकणाऱ्याकडून. पिवळ्या फेट्यानं टॉवेल टाकला. हात खाली गेले. वर दोघं चाऱ्याविषयी बोलू लागले. मामींनी चहाचा कप तोंडाजवळ नेला आणि तसाच धरून ठेवला. टॉवेल हलला. मामांचा चेहरा भिंतीसारखा. टॉवेल पुन्हा हलला.

पिवळ्या फेट्याच्या भुवया वर गेल्या. ‘पटंना व्हय?’

मामा म्हणाले, ‘कडबा औंदा बरा हाय म्हणं.’

थोडा वेळ गेला. टॉवेल तिसऱ्यांदा हलला, आणि या वेळी मामांनी मान डोलावली. हात बाहेर आले, टाळी वाजली. पिवळा फेटा भोवतीच्या माणसांना म्हणत होता, ‘दुखण्यातनं उठला, पर पयल्यापरीस लय वंगाळ झालाय. तोंडाकडं बगतच न्हाई!’

मामा आमच्याकडे आले. मी विचारलं, ‘पहिल्यांदा किती धरली होती त्यानं?’

‘आजून ठावं न्हाई. तीन नायतर चार. मी आपली चार परत धरली.’

‘आणि शेवटी?’

‘अख्खा पंजा. ते कळतंय की.’

मामींनी तेव्हा कुठे चहाचा घोट घेतला. तो गार झाला होता, आणि त्याबद्दल त्यांनी गाड्यावाल्याला चार शब्द ऐकवले.

मी पिशवीतून फाइल काढली. आमच्या फॉर्मवर शेवटी रकाने असतात: स्वतंत्रपणे करतो, मदतीनं करतो, करू शकत नाही. तिन्ही बरोबर होते आणि तिन्ही चूक. मी पेन घेऊन बसले होते, तर मामांनी उजव्या हातानं, नीट तर्जनी आणि अंगठ्यात धरून, माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

‘ताई, तीन-चाराचं त्येवढं लिवू नका. बाजारात कळलं तर संपलं.’

‘दवाखान्याची फाइल आहे, मामा. ती कोण वाचतंय?’

‘तो शालवाला सायेब वाचंल,’ मामा म्हणाले. ‘त्याचा बोकड अजून इकायचा हाय.’